वीस मिनिटांत लंडन: ॲमस्टरडॅमहून दहा महिने केलेल्या येरझाऱ्यांचा हिशेब

तिकिटावर लिहिलं होतं, स्किपोल १७:३०, हीथ्रो १७:५०. मी त्याचा फोटो काढून कराडला अण्णांना पाठवला. अण्णा एकतीस वर्षं एसटीत होते, त्यातली बरीचशी कंट्रोलर म्हणून. दोन मिनिटांत फोन.

"वीस मिनिटांत लंडन? अगं, आमची गाडी वीस मिनिटांत स्टँडाबाहेर पडत नाही."

घड्याळाचा खेळ आहे, अण्णा. लंडन ॲमस्टरडॅमच्या एक तास मागे. विमानाला एक तास वीस मिनिटं धरलेली असतात, त्यातला एक तास घड्याळ परत करतं, म्हणून जाताना वीस मिनिटं दिसतात. येताना तेच तिकीट दोन तास वीस मिनिटांचं होतं. दोन्ही देश उन्हाळी वेळ एकाच क्षणी बदलतात, त्यामुळे हा एका तासाचा फरक वर्षभर तसाच राहतो. (कराडशी फरक मात्र साडेतीन-साडेचार असा हलतो आणि आईची जेवणाची वेळ दर ऑक्टोबरात चुकते.)

अण्णांना हे पटलं, पण समाधान झालं नाही. म्हणाले, "लॉगशीट ठेव. दारातून पाय बाहेर टाकलास ती वेळ लिही, आणि तिकडं चप्पल काढलीस ती वेळ लिही. मधलं सगळं प्रवासातच धरायचं."

ती वही मी ठेवली. मार्च ते डिसेंबर २०२५, एकोणीस फेऱ्या. पुढे लिहिलंय ते त्या वहीतून.

आधी आमची परिस्थिती, नाहीतर संदर्भ लागणार नाही. मी ॲमस्टलफेनला राहते, ऑफिस ॲमस्टरडॅम झाउदला. नवरा फेब्रुवारी २०२५पासून लंडनला, हॅरोमध्ये. माझ्याकडे ब्रिटनचा दोन वर्षांचा, कितीही वेळा जाता येईल असा व्हिजिट व्हिसा आहे. त्याला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) व्हिसा दर वेळी थोड्याथोडक्या दिवसांचाच मिळत गेला. भारतीय पासपोर्टवर हे दोन व्हिसा म्हणजे दोन वेगळी गावं आहेत, एकाची वेस दुसऱ्याला चालत नाही. त्यामुळे येरझाऱ्या माझ्या वाट्याला आल्या. अकरा वेळा विमानाने गेले, सात वेळा ट्रेनने, आणि एकदा बोटीने.

अंतर किती, हा अण्णांचा पहिला प्रश्न होता आणि त्याचंच एक उत्तर मिळेना. दोन शहरांमध्ये सरळ दोरी ताणली तर साधारण ३६० किलोमीटर. हीथ्रो ते स्किपोल मोजलं तर सुमारे ३७०. गाडीने फ्रान्समधल्या कॅलेवरून, इंग्लिश खाडीखालून गेलं तर ५४०च्या आसपास. विमानाचा आकडा आपल्याकडे बसवून बघायचा तर मुंबई ते गोव्याचं मोपा. तेही साधारण तेवढंच, आणि त्या तिकिटावरही सव्वा तासाच्या आसपासच लिहिलेलं असतं. रस्त्याने मात्र हिशेब वेगळा, कारण इथे मध्ये घाट नाही, समुद्र आहे.

आता विमान. हा मार्ग शंभर वर्षांहून जुना आहे. केएलएमचं अगदी पहिलं उड्डाण याच वाटेवरचं, १७ मे १९२० रोजी लंडनच्या क्रॉयडनहून स्किपोलला. विमानही भाड्याचं होतं, आणि त्यात दोन पत्रकार आणि काही वर्तमानपत्रं होती. तेव्हा स्किपोल म्हणजे ओलं माळरान. आज ते अवाढव्य आहे, पण जमीन तीच, हार्लेममेर नावाच्या तळ्याचा तळ. ते तळं १८५२मध्ये वाफेच्या पंपांनी उपसून कोरडं केलं. त्यामुळे विमानतळ समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे. विमान चाकं टेकवतं तेव्हा तुम्ही समुद्राच्या पातळीखाली गेलेले असता. हे ऐकून अण्णा पहिल्यांदा गप्प झाले.

एक तास वीस मिनिटांतलं हवेतलं उडणं किती? माझ्या वहीत बहुतेकदा पंचेचाळीस ते पंचावन्न मिनिटं आहेत. उरलेला वेळ जमिनीवर जातो. स्किपोलला पोल्डरबान नावाची धावपट्टी आहे, २००३मध्ये सुरू झालेली, ३८०० मीटर लांब. वस्तीला आवाजाचा त्रास कमी व्हावा म्हणून ती इतकी दूर बांधलीय की विमान टर्मिनलपासून तिथे जायला पाव तास सहज घेतं. वाटेत ते चक्क हमरस्त्यावरच्या पुलावरून जातं, खाली मोटारी. पहिल्यांदा मला वाटलं, वैमानिक आम्हाला रस्त्यानेच लंडनला नेतोय.

पलीकडच्या टोकाला वेगळी गंमत. हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आणि जगभरची विमानं. गर्दीच्या वेळी येणाऱ्यांना चार ठरावीक जागी घिरट्या घालत थांबवतात. पूर्वेकडून येणारे आम्ही बहुतेकदा एसेक्सवरच्या लॅम्बोर्नच्या घिरट्यांत सापडतो. मी अण्णांना समजावायला गेले तर तेच म्हणाले, "म्हणजे फलाट रिकामा नाही, म्हणून गाडी गेटाबाहेर उभी." अगदी तेच. आणि अण्णांच्या टाइमटेबलात असायची तशी ही वाट बघण्याची मिनिटं विमान कंपन्याही तिकिटावरच्या वेळेत आधीच मिसळून ठेवतात. म्हणून पंधरा मिनिटं उशिरा सुटलेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं आणि वैमानिक ते मोठ्या अभिमानाने सांगतो.

एक कबूल करते. वारा पश्चिमेचा असेल (बहुतेकदा असतो), तर हीथ्रोला विमान पूर्वेकडून, शहराच्या डोक्यावरून उतरतं. उजवीकडची खिडकी घ्यावी. संध्याकाळी साडेपाचच्या उन्हात टेम्सची वळणं बघितली की तासाभराचा वैताग विसरतो. ट्रेनमध्ये हे नाही.

आता लॉगशीट. जूनमधला एक शुक्रवार, काहीही न बिघडलेला. ऑफिसातून निघाले १५:२०. झाउदहून स्किपोल ट्रेनने सात-आठ मिनिटं, या बाबतीत ॲमस्टरडॅमला तोड नाही. मग सुरक्षा तपासणी. मग पासपोर्ट, कारण ब्रिटन शेंगेनबाहेर. मग गेटपर्यंतची पायपीट, मग गेटवरचं बसणं, मग विमान. उतरल्यावर परत पायपीट. मग इमिग्रेशन, भारतीय पासपोर्टला तिथले ई-गेट चालत नाहीत, माणसाच्याच खिडकीवर जावं लागतं, कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. मग हॅरोला जाणारी एसएल-नाइन बस. चप्पल काढली तेव्हा लंडनमध्ये १९:५५, म्हणजे माझ्या पोटाच्या घड्याळात २०:५५.

पाच तास पस्तीस मिनिटं. वीस मिनिटांचं लंडन!

आणि हा बरा दिवस. अकरा फेऱ्यांतली सगळ्यात झटपट चार तास चाळीस मिनिटांची होती, ती परत जमली नाही.

ट्रेन मी एप्रिलमध्ये घेतली, ती नाइलाज म्हणून. शेवटच्या क्षणी विमानाचं तिकीट परवडेना. लंडनहून ॲमस्टरडॅमला थेट ट्रेन २०१८पासून आहे, पण उलट दिशेची थेट सोय २०२०मध्ये आली. मध्यंतरी ॲमस्टरडॅम सेंट्राल या मुख्य स्टेशनाच्या दुरुस्तीमुळे ती बंद पडली होती, ब्रसेल्सला उतरून तपासणी करून गाडी बदलावी लागे. फेब्रुवारी २०२५मध्ये थेट गाडी परत सुरू झाली. नवरा लंडनला गेला त्याच महिन्यात. योगायोग, पण मला तो आमच्यासाठीच केल्यासारखा वाटतो.

झाउदहून सेंट्रालला मेट्रो दहा मिनिटं. तासभर आधी जायचं. सगळ्या तपासण्या निघण्याआधीच, एकाच ठिकाणी होतात. आधी डच शिक्का-खिडकी आणि दहा पावलांवर ब्रिटिश खिडकी. म्हणजे ब्रिटनमध्ये प्रवेश तुम्ही ॲमस्टरडॅममध्येच करता. मग गाडीत बसायचं आणि साधारण चार तास कुणी उठवत नाही. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला उतरलं की सरळ बाहेर, ना रांग ना खिडकी, खाली उतरून मेट्रोपॉलिटन लाइन, हॅरो. येताना असंच उलट: फ्रेंच पोलीस लंडनच्या स्टेशनातच पासपोर्ट बघतात.

वहीतली ट्रेनची सरासरी सव्वासहा तास. विमानाची साडेपाच-पावणेसहा (वादळात अडकलेली एक फेरी सोडून). म्हणजे कागदावर विमानच जिंकलं, तीस-चाळीस मिनिटांनी. मीही तीन महिने तसंच समजत होते.

मग डच परीक्षा आली. इथे कायमचं राहायचं तर भाषेची परीक्षा द्यावी लागते आणि माझा अभ्यास शून्य. शुक्रवार-रविवार प्रवासात जातात, तर तिथेच करू म्हटलं. विमानाच्या फेऱ्यांत मी वाचनाचा एकच धडा चार वेळा सुरू केला. सुरक्षेच्या रांगेत वाचता येत नाही. गेटवर दहा मिनिटं वाचलं की नाव पुकारतात. विमानात पट्टा, सूचना, ट्रॉली, पाणी, कचऱ्याची पिशवी, आणि लगेच "सीट सरळ करा." ट्रेनमध्ये पहिल्याच फेरीत तीन धडे झाले आणि वर तासभर झोप.

तेव्हा मला वहीतला हिशेब चुकीचा असल्याचं कळलं. दोन्हीकडे तास जवळपास तेवढेच खर्च होतात, पण विमान तुम्हाला वेळ चिल्लरमध्ये परत करतं. दहा मिनिटं इथे, पंचवीस तिथे, सात मिनिटं उभ्याने. खिसा जड, पण त्या चिल्लरीत काही विकत घेता येत नाही. ट्रेन अख्खी नोट देते. चार तासांची एक. मी वहीत आणखी एक रकाना आखला, प्रवासाचे तुकडे किती. विमानाचे नऊ होतात: ट्रेन, सुरक्षा, पासपोर्ट, पायपीट, गेट, विमान, परत पायपीट, इमिग्रेशन, बस. ट्रेनचे चार: मेट्रो, तपासणी, गाडी, परत मेट्रो. शेवटची दहा मिनिटांची चाल अण्णा धरत नाहीत, कारण "स्टँडावरून घरी जाणं हा प्रवास नव्हं."

ट्रेनची वाट बघण्यासारखी आहे, निदान पहिले दोनदा. ॲमस्टरडॅम सोडलं की थोड्या वेळात गाडी सात किलोमीटरच्या बोगद्यात शिरते. वर डोंगर नाही, नदी नाही, नुसती कुरणं आहेत! हिरव्या पट्ट्याचं सौंदर्य बिघडू नये म्हणून डचांनी सपाट जमिनीखालून बोगदा काढला. आपल्या कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तो सह्याद्रीच्या कातळातून. इकडे गाईंच्या खालून. मग रॉटरडॅम, मग ब्रसेल्स, तिथे बरीच माणसं चढतात आणि माझी शेजारची रिकामी सीट जाते. आणि मग चॅनेलचा, म्हणजे इंग्लिश खाडीखालचा बोगदा: पन्नास किलोमीटर, त्यातले अडतीस समुद्राखाली. बाहेर तीनशेच्या वेगाने धावणारी गाडी आत एकशेसाठवर येते. वीस मिनिटं काळोख. पहिल्यांदा मी श्वास धरून बसले होते, समोरचा माणूस सँडविच खात होता. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "आपला खंबाटकीचा सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो."

सामानाचं मात्र सविस्तर लिहिते, कारण मराठी घरात प्रवास म्हणजे डबे.

आईने कुणाबरोबर तरी पाठवलेलं कैरीचं लोणचं मी मे महिन्यात विमानाने नेत होते, हातातल्या बॅगेत. लोणचं हा विमानाच्या कायद्याने द्रव पदार्थ आहे. शंभर मिलिच्या वर गेलं की तो तेव्हा तिथेच सोडावा लागे. चूक माझीच. तपासणाऱ्या बाईंनी झाकण उघडून वास घेतला, आणि मला वाटतं त्यांनाही वाईट वाटलं. ट्रेनमध्ये शंभर मिलिची भानगड नाही. तेव्हापासून लोणचं, काकवी, तिळाची चटणी सगळं ट्रेनने जातं.

पण एक गोष्ट कशानेच जात नाही. युरोपात लाळ्या-खुरकूताची साथ आली म्हणून ब्रिटनने १२ एप्रिल २०२५पासून युरोपीय संघातून गुरं, शेळ्या-मेंढ्या, डुकरांचं मांस आणि दुधाचे पदार्थ स्वतःबरोबर आणायला बंदी घातली. म्हणजे हॉलंडमध्ये राहून नवऱ्याला गाउडा चीज नेता येत नाही. उलट दिशेला ही बंदी ब्रेक्झिटपासून होतीच. दिवाळीला चकली, शेव, चिवडा गेला. पेढे दोन्हीकडचे दोन्हीकडे राहिले.

एका स्वस्त विमान कंपनीबद्दल दोन शब्द, नाव नको. तिकीट चाळीस युरोच्या आत. गेटवर बॅग त्यांच्या पिंजऱ्यात दोन बोटं बसली नाही आणि तिकिटापेक्षा जास्त पैसे बॅगेचे भरले. शिवाय ते विमान उतरतं अशा ठिकाणी की तिथून हॅरोला पोचेपर्यंत रात्र. "लंडन" हे नाव मिरवणारे विमानतळ सहा आहेत, त्यातले काही लंडनमध्ये नाहीत. तिकीट काढण्याआधी नकाशा बघा.

याच्या नेमकं उलट लंडन सिटी. जुन्या गोद्यांमध्ये, पाण्याच्या कडेला, १९८७पासून. धावपट्टी जेमतेम दीड किलोमीटर, म्हणून छोटीच विमानं, आणि ती नेहमीच्या तीन अंशांऐवजी साडेपाच अंशांत खाली येतात. पोटात गोळा येतो. पण उतरल्यावर काही मिनिटांत तुम्ही गाडीत. कुणाचं घर किंवा काम पूर्व लंडनला, कॅनरी वॉर्फला असेल, तर माझा सगळा ट्रेनचा प्रचार विसरा आणि हेच घ्या. हॅरोवाल्यांना उपयोग नाही, अख्खं शहर ओलांडावं लागतं. आणि लक्षात असू द्या, शनिवारी दुपारपासून रविवार दुपारपर्यंत तो विमानतळ बंद असतो.

पैशांत ठरावीक उत्तर नाही. तीन-चार आठवडे आधी घेतलं तर दोन्ही साधारण बरोबरीत, आयत्या वेळी दोन्ही लुटतात. एक मात्र आहे, हॉलंडमधून उडणाऱ्या प्रत्येकावर सरकारचा कर २०२५मध्ये २९ युरोच्या वर होता आणि ब्रिटनमधून जवळच्या युरोपीय विमानाला साध्या वर्गात १३ पौंड. ट्रेनला हे दोन्ही नाहीत. धुराचा हिशेब तर उघडच आहे. एवढ्याशा अंतरात विमानाचा चढण्यातच दम जातो.

ऑक्टोबरात एका वादळाने माझं विमान रद्द झालं. युरोपच्या नियमाप्रमाणे दीड हजार किलोमीटरच्या आतल्या विमानाला तीन तासांवर उशीर झाला तर २५० युरो भरपाई असते, पण वादळ हे कंपनीच्या हातातलं नाही, म्हणून ती मिळत नाही. पर्यायी विमान आणि जेवण मात्र त्यांनी द्यायचं असतं, आणि ते मागावं लागतं. मी मागितलं. सूप मिळालं. दुसऱ्या दिवशी पोचले, वहीत बावीस तास लिहिले. अण्णांनी शेरा मारला, "झाड पडल्यावर घाट बंद असतो, कंट्रोलरला शिव्या देऊन उपयोग नसतो."

बोट मी गणपतीच्या आधी घेतली, कारण मखर, पितळी समई आणि एक पाट. रॉटरडॅमहून मेट्रोने हूक ऑफ हॉलंड, स्टेशनातून उतरून समोर जहाज. रात्री दहाच्या सुमाराला सुटतं, सकाळी साडेसहाला इंग्लंडमधलं हार्विच बंदर. रात्रीच्या फेरीला केबिन घ्यावीच लागते. मी अंघोळ करून झोपले आणि दुसऱ्या देशात उठले. एसटीच्या भाषेत मुक्कामी गाडी. वेळेच्या हिशेबात ती सपशेल नापास आहे, पण आठ तास तुम्ही झोपणारच होतात, तर ते प्रवासात धरायचे का? या एकाच मुद्द्यावर माझं आणि अण्णांचं अजून भांडण आहे.

नवरा वर्षभरात तीनदा इकडे आला. ऑक्टोबर २०२५पासून युरोपने शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आणायला सुरुवात केली, त्यामुळे त्याला दिवाळीनंतर ठसे द्यावे लागले. माझ्याकडे डच रहिवासी परवाना आहे, म्हणून मला ते लागू नाही. कुणाला इकडे बोलावणार असाल तर वेळ थोडा जास्त धरा, विमान असो की ट्रेन.

सप्टेंबरपासून मी विमान फक्त तीन वेळा घेतलं. त्यातल्या एकदा कारण खरंच तातडीचं होतं, नवऱ्याला ताप होता आणि पहाटेच्या विमानाने मी नऊ वाजता त्याच्या दारात होते. ते ट्रेनने झालं नसतं. उरलेल्या दोन वेळा निव्वळ त्या उजवीकडच्या खिडकीसाठी.

परवा व्हिडिओ कॉलवर अण्णांनी त्यांची स्वतःची वही दाखवली. माझ्या सगळ्या फेऱ्या त्यांनी तिकडे वेगळ्या उतरवल्यात, निळ्या शाईत, रेघ मारून. किलोमीटरच्या रकान्यात आधी ३६०, मग ३७०, मग ५४० लिहून तिन्ही खोडलेत, आणि वर "तुकडे" असं नाव घातलंय. विमानापुढे नऊ. ट्रेनपुढे चार. बोटीपुढे सहा, त्यावर प्रश्नचिन्ह.

जानेवारीच्या फेरीपुढे त्यांनी आत्ताच चार लिहून ठेवलंय. तिकीट मी अजून काढलेलं नाही.